मौदूदींना वगळून इस्लामचा अभ्यास कसा होणार?

२०२२च्या ऑगस्टमध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने इस्लामिक स्टडीज विभागाच्या अभ्यासक्रमातून दोन लेखकांची पुस्तके काढून टाकली. एक मौलाना अबुल आला मौदूदी, दुसरे इजिप्तचे सय्यद कुत्ब. त्याच्या काहीच दिवस आधी २०हून अधिक अभ्यासकांनी पंतप्रधानांना खुले पत्र लिहिले होते. अलीगढ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द इथे जिहादी विचार शिकवला जातो, असा त्यात आरोप होता. पत्र आले, बातम्या झाल्या आणि अलीगढने पुस्तके उचलून बाजूला ठेवली. कारण सांगितले ते इतकेच, की वाद नको. पाठोपाठ दुसरी बातमी आली, आता याच विभागात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना सनातन धर्मही शिकवला जाईल.

याला ‘अभ्यासक्रम अद्ययावत करणे’ म्हणतात म्हणे!

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मी मौदूदींच्या विचारांचा विरोधक आहे. त्यांनी इस्लामला एका राजकीय यंत्रणेचे रूप दिले, सार्वभौमत्व फक्त अल्लाहचे असे सांगत लोकशाही आणि सेक्युलर राज्य या दोन्ही गोष्टी मुसलमानासाठी निषिद्ध ठरवल्या. त्याचा फटका आपल्यालाच बसला. फाळणीनंतर इथे राहिलेल्या जमातचे सदस्य कित्येक वर्षे मतदानसुद्धा करत नव्हते. असे असूनही मी म्हणतो, की विद्यापीठातून मौदूदींना काढणे ही मोठी चूक होती. किंबहुना मी विरोधक आहे म्हणूनच म्हणतो.

मौदूदी आपल्याला परके नाहीत. २५ सप्टेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म औरंगाबादला झाला. वडील तिथे वकिली करत. हे शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तरुणपणी त्यांनी दिल्लीला जमियत उलेमा-ए-हिंदच्या ‘अल-जमियत’ या वर्तमानपत्राचे संपादन केले. १९४१ साली लाहोरला जमात-ए-इस्लामी स्थापन केली. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथे १९५३ साली लष्करी कोर्टाने त्यांना फाशी सुनावली आणि ती नंतर रद्द झाली. गोदावरीच्या खोऱ्यात जन्मलेल्या या माणसाचे लिखाण कैरोपासून जकार्तापर्यंत वाचले गेले. विसाव्या शतकातला मुस्लिम राजकीय विचार त्यांच्याशिवाय समजतच नाही. सय्यद कुत्ब यांच्यावर त्यांचा प्रभाव होता. कुत्ब यांना नासिरच्या राजवटीने १९६६ साली फासावर दिले. ही साखळी समजून घ्यायची नसेल, तर आधुनिक इस्लामचा विभाग चालवायचा तरी कशाला?

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १९५३ साली पाकिस्तानच्या पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी न्या. मुनीर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९५४ साली आला. आयोगाने अनेक उलेमांना एक अवघड प्रश्न विचारला. तुम्ही पाकिस्तानात इस्लामी राज्य करणार, मग उद्या भारतातल्या हिंदूंनी त्यांच्या धर्माप्रमाणे राज्य केले तर तुमची हरकत आहे का? मौदूदींनी उत्तर दिले, हरकत नाही. तिथल्या मुसलमानांना शूद्र आणि म्लेंच्छ मानून मनूचे कायदे लावले, राज्यकारभारातला वाटा आणि नागरिकत्वाचे हक्क नाकारले, तरी हरकत नाही.

ही साक्ष पुन्हा वाचा. लाहोरमध्ये बसून त्यांनी आपल्या कोट्यवधी भाऊबंदांचे नागरिकत्व एका वाक्यात सोडून दिले. मौदूदींच्या विचाराची तर्कशुद्ध टोकाची जागा कुठली, हे या साक्षीइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. भारतातल्या प्रत्येक मुस्लिम विद्यार्थ्याने ती वाचली पाहिजे. वर्गात वाचली पाहिजे, शिक्षकासमोर, प्रश्न विचारत. आता सांगा, पुस्तके काढल्यानंतर ती तो कुठे वाचणार? मौदूदी बाजारात मिळतातच. छोट्या पुस्तिका मिळतात, अनुवाद मिळतात, मोबाईलवर पीडीएफ मिळते. तिथे त्यांच्यासोबत मुनीर आयोग मिळत नाही.

पत्र लिहिणाऱ्यांना आणि ते मान्य करणाऱ्यांना कळले नाही ते हे, की मौदूदी गेले की त्यांचे टीकाकारही जातात. त्यांच्यावर सगळ्यात मुद्देसूद टीका केली ती मुसलमान उलेमांनीच. मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ साली ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ मांडले. राष्ट्र वतनाने बनते आणि मुसलमान हिंदूंसोबत एक राष्ट्र होऊ शकतात, हा त्यांचा मुद्दा. मौदूदींनी त्यावर तुटून पडत लिहिले. मौलाना अली मियाँ नदवी आणि मंजूर नोमानी जमातच्या स्थापनेच्या वेळी सोबत होते, लवकरच बाहेर पडले. नदवींनी पुढे १९७८ साली मौदूदींच्या दीनच्या मांडणीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वहिदुद्दीन खान दीड दशक जमातमध्ये राहिले, मग बाहेर पडून १९६३ साली ‘ताबीर की गलती’ लिहिले. धर्माचा अर्थ लावण्यातच मौदूदींची चूक झाली, हे त्यांनी कुरआनच्याच आधाराने दाखवले. आता मूळ पुस्तकच वर्गात नसेल, तर ही उत्तरे कशाची उत्तरे म्हणून शिकवायची? भारतीय मुसलमानांनी आपसात केलेला एवढा मोठा वाद, त्यातली सेक्युलर राज्याच्या बाजूने दिलेली धर्मशास्त्रीय उत्तरे, सगळे एका झटक्यात निराधार झाले. पत्र लिहिणाऱ्यांना कट्टरतेशी लढायचे होते असे मानले, तरी त्यांनी त्या लढाईतली आपली बंदूकच फेकून दिली.

आता आपल्या लोकांकडे वळू. त्या वेळी निषेध झाला, पण कसला? एवढ्या मोठ्या आलिमचा अपमान झाला, हा बहुतेकांचा सूर होता. अभ्यासाचे नुकसान झाले असे म्हणणारे थोडे. खरे तर आपल्यालाही विद्यापीठातला इस्लामिक स्टडीज विभाग मदरशाची वरची माडी वाटतो. तिथे इस्लामची बाजू मांडली जावी, शंका काढू नयेत, ही आपली अपेक्षा. अलीगढमध्ये दीनियातचे विभाग वेगळे आहेत, सुन्नी आणि शिया असे दोन. इस्लामिक स्टडीज समाजविज्ञानाच्या शाखेत आहे. हा फरक कागदावर आहे, आपल्या डोक्यात नाही.

वाद नको म्हणून विचार बाहेर ठेवायची सवय अलीगढला जन्मापासून आहे, हे सांगितले तर अनेकांना राग येईल. पण मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज काढताना सर सय्यद अहमद खान यांनी काय केले ते आठवा. ते स्वतः कुरआनचे भाष्यकार होते. बायबलवर भाष्य लिहिण्याची हिंमतही त्यांनी १८६०च्या दशकात दाखवली होती. उलेमांनी त्यांच्यावर कुफ्रचे फतवे काढले. समाज मुले पाठवणार नाही या भीतीने त्यांनी कॉलेजातल्या धर्मशिक्षणाची सूत्रे परंपरावादी मंडळींच्या हाती दिली आणि आपले विचार त्यात येणार नाहीत हे कबूल केले. थोडक्यात, अलीगढच्या धर्माच्या वर्गातून वगळला गेलेला पहिला लेखक अलीगढचा संस्थापकच होता. तेव्हा भीती समाजाची होती, आता सरकारची आहे.

पुरोगामी मित्रांनाही एक आठवण करून देतो. २०२१ साली केरळच्या कण्णूर विद्यापीठाने एम.ए.च्या अभ्यासक्रमात सावरकर आणि गोळवलकरांची पुस्तके लावली, तेव्हा भगवेकरण झाले म्हणून गदारोळ कुणी केला होता? त्या पुस्तकांची मांडणी एकांगी असेल, तर सोबत गांधी, आंबेडकर लावा अशी मागणी करता आली असती. सावरकरांचे ‘हिंदुत्व’ न वाचता हिंदुत्वाशी वाद कसा घालणार? मौदूदींसाठी एक न्याय आणि सावरकरांसाठी दुसरा, असे मला करता येत नाही. माझ्या हातात असते, तर ‘धर्म आणि राज्य’ असा एक पेपर ठेवला असता. त्यात मदनी, मौदूदी, सावरकर, गोळवलकर, गांधी आणि आंबेडकर एकाच सत्रात. आणि परीक्षेत एकच प्रश्न, यांपैकी कोण कुणाच्या जवळ उभा आहे?

सनातन धर्माच्या अभ्यासाचे म्हणाल, तर माझी हरकत विषयाला नाही. उलट हे आधीच व्हायला हवे होते. अल-बिरुनीने अकराव्या शतकात संस्कृत ग्रंथ समजून घेऊन हिंदूंच्या धर्मावर आणि शास्त्रांवर जे लिहिले, ते अजून प्रमाण मानले जाते. दारा शुकोहने १६५७ साली उपनिषदांचा फारसी अनुवाद पुरा केला. आमच्या परंपरेतच हे आहे. हरकत आहे ती वेळेला. मौदूदींना काढल्याच्या पाठोपाठ सनातन धर्म आला, तर विद्यार्थी त्याकडे विषय म्हणून पाहणार नाही, माफीनामा म्हणून पाहील. शिकणाऱ्याच्या मनात त्या विषयाबद्दल आदर कसा तयार होणार?

शिवाय हा रस्ता एकाच बाजूने का? बनारस हिंदू विद्यापीठाने २०२२ साली हिंदू अध्ययनात एम.ए. सुरू केले. जेएनयूने २०२४ साली हिंदू, बौद्ध आणि जैन अध्ययनाची तीन केंद्रे मंजूर केली. चांगली गोष्ट आहे, बौद्ध आणि जैन अध्ययनाला तर महाराष्ट्रात फार काम आहे. पण हिंदू अध्ययनाचा विद्यार्थी भक्ती चळवळ शिकताना सूफींकडे जाणार नाही का? अलीगढच्या मुलाने गीता वाचावी असे वाटते, तर बनारसच्या मुलाने कुरआन आणि खिस्ती धर्मशास्त्र वाचावे असेही वाटायला हवे. प्रत्येकाने आपापल्या धर्माची डिग्री घ्यायची आणि आपापल्या लोकांत ती वापरायची, तर त्याला धर्माचा अभ्यास म्हणत नाहीत. राज्याच्या पैशाने चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमात आहे. धर्मांचा अभ्यास मात्र करता येतो, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. ही रेघ आपल्या विद्यापीठांनी जपायला हवी होती. तीच आता पुसट होतेय.

हे सगळे मला का टोचते, ते सांगतो. माझा भाचा मराठवाड्यातल्या एका मदरशातून आलिम झाला. सात वर्षे अरबी, फिक्ह, हदीस. सोबत १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, तशीच बारावी. पोरगा हुशार. शेख महंमदांचे ‘योगसंग्राम’ त्याच्या हाती कुठून लागले कोण जाणे, पण श्रीगोंद्याच्या या मुसलमान संताने मराठीत असे काही लिहिलेय हे पाहून तो हरखून गेला. मग त्याच्या डोक्यात बसले, की सूफी आणि वारकरी यांच्यावर अभ्यास करायचा. एका विद्यापीठाच्या खिडकीवर आम्ही दोघे गेलो. त्याने मदरशाची सनद पुढे केली. बाबूने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, “ह्याच्यात टक्के कुठंयत?” बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, “मामू, सात साल मैं करा क्या फिर?”

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या पदव्या त्यातून वगळल्या. पदवी द्यायची ती विद्यापीठानेच, यूजीसी कायदा तेच सांगतो. निकाल कायद्याने बरोबर आहे. पण पदवी विद्यापीठानेच द्यायची असेल, तर अशा मुलांसाठी विद्यापीठाने दारही उघडायला हवे. अलीगढने २०१३ साली मदरशातल्या मुलांसाठी ब्रिज कोर्स सुरू केला, हे चांगले काम होते. महाराष्ट्रात काय आहे? अरबी, फारसी, उर्दूचे विभाग आहेत. ते भाषा शिकवतात. या मातीतला इस्लाम मराठीतून शिकवणारी पदवी मला तरी कुठे सापडली नाही.

खुलदाबादला बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. चौदाव्या शतकात त्यांच्या मुरिदांनी त्यांची वचने फारसीत लिहून ठेवली. त्यांच्यावरचा सगळ्यात दखलपात्र ग्रंथ कार्ल अर्न्स्ट या अमेरिकी अभ्यासकाने १९९२ साली लिहिला. खुलदाबादहून तासाभराच्या अंतरावर विद्यापीठ आहे. विजापूरच्या सूफींवरही अमेरिकेतल्याच रिचर्ड ईटन यांनी लिहिले. आपल्याकडे रा. चिं. ढेरे, सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्यांनी हे काम एकट्याच्या बळावर केले. फकरुद्दीन बेन्नूर सोलापुरात बसून आयुष्यभर लिहीत राहिले. त्यांच्यानंतर हे कुणी आणि कुठल्या विभागात बसून करायचे?

भाच्याला फारसी येते, अरबी येते, मराठी तर मातृभाषाच झाली आहे. गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांपासून श्रीगोंद्यापर्यंतची कागदपत्रे वाचू शकेल अशी त्याच्या वयाची किती मुले असतील? त्याने शेवटी मराठी विषय घेऊन बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. दिवसा मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. परवा त्याने मला फोन करून विचारले, “मामू, एम.ए.ला कौनसा सब्जेक्ट लिखूं?”

मी अजून त्याला सांगितलेले नाही.