श्यामला छडी बनवू नका



२४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती आली, की शाळाशाळांतून ‘श्यामची आई’ची आठवण निघते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेला हा कृष्णधवल चित्रपट मुलांना जरूर दाखवावा. पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, १९५४ साली, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. पण चित्रपट संपल्यावर आपण मोठी माणसं जे बोलतो ना, त्याबद्दल मला आज लिहायचंय.

आपलं वाक्य ठरलेलं असतं. "बघा, श्याम आईचं कसं ऐकायचा! नाहीतर तुम्ही!"

अहो, पण श्याम निमूट ऐकायचा कुठे? माधव वझे यांनी उभा केलेला तो मुलगा नीट बघा. पोहायला जायचं म्हटलं की घाबरून लपून बसतो. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो आणि आईला पदर पसरायला लावतो. तो भित्रा आहे, हट्टी आहे, चुकतो आणि मग रडतो. म्हणजे आपल्या वर्गातल्या कुठल्याही मुलासारखाच! मुलं सत्तर वर्षांपूर्वीच्या या चित्रपटात गुंततात ती यामुळेच. आपण मात्र त्याचा ‘आदर्श बालक’ करून टाकतो आणि त्याच आदर्शाची छडी मुलांवर उगारतो. मग मुलांना श्याम आवडणार तरी कसा?

काही जण म्हणतील, "संस्कार नकोत का?" हवेत की! पण पायांना माती लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही जप, असं श्यामची आई सांगते, तेव्हा ती शेजारच्या मुलाचं उदाहरण देत नाही. श्यामचाच हट्ट उचलते आणि त्यातूनच त्याला शिकवते. वनमालाबाईंनी साकारलेल्या आईकडून आपण शिक्षकांनी घ्यावं ते हेच.

पोहण्याच्या प्रसंगात आई श्यामला मारते. इथे एखादं मूल विचारतंच, "बाई, आईनं मारलेलं चालतं का?" हा प्रश्न टाळू नका. तेव्हा मारणं सर्रास होतं, हे सांगा. आज शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, हेही सांगा. आणि मूळ गोष्ट माराशी संपत नाही. मुलाच्या पाठीवरचे वळ बघून आईचेही डोळे भरून येतात. "आईला रडू का आलं असेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मुलं बोलतील.

सगळ्यात जास्त जपायचं ते शेवटाला. श्यामची आई जाते आणि श्याम वेळेवर पोहोचू शकत नाही. आपल्या वर्गात आई नसलेलं, आजीपाशी वाढणारं एखादं मूल असतं. कर्जवसुलीची माणसं कुणाच्या दाराशी येऊन गेलेली असतात. अशा मुलाच्या घरच्यांशी आधी बोला. दाखवताना त्याच्याजवळ बसा. आणि कृपा करून दुसऱ्या दिवशी ‘माझी आई’ हा निबंध देऊ नका. ‘माझ्यासाठी झटणारं माणूस’ असा विषय द्या. त्यात आईही येईल, आजीही येईल, बाबाही येतील.

एक सोपी गोष्ट. अडीच तासांचा चित्रपट एका बैठकीत उरकू नका, तीन-चार दिवसांत विभागून दाखवा. पहिली दहा मिनिटं "रंग का नाहीत?" अशी चुळबुळ होईल, होऊ द्या. रोज शेवटी एकच प्रश्न विचारा : "आज तुम्ही श्यामच्या जागी असता, तर काय केलं असतं?"

उत्तर काहीही येऊ दे. "मीपण लपलो असतो," असं एखादा म्हणाला, तर त्याला रागावू नका. त्याला श्याम भेटला, असं समजा.