चालकाविना मालमोटार : रस्ता कोणाचा?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस आणि ह्यूस्टन या दोन महानगरांना जोडणारा सुमारे २४० मैलांचा महामार्ग आहे. मे २०२५ च्या प्रारंभी ‘अरोरा’ या कंपनीने जाहीर केले की, या मार्गावर तिच्या मालमोटारी चालकाच्या आसनावर कोणालाही न बसविता गिऱ्हाइकांचा माल नेऊ लागल्या आहेत. मौज अशी की, थोड्याच दिवसांत त्या आसनावर पुन्हा एक माणूस येऊन बसला. गाडीची बांधणी करणाऱ्या कारखानदारानेच तसा आग्रह धरला होता. या माणसाने गाडी हाकावयाची नव्हती. केवळ पाहत बसावयाचे होते. अशा बातम्या आपल्याकडे विज्ञानाच्या नवलकथांच्या रकान्यात पडतात आणि विसरल्या जातात. वास्तविक त्यांची जागा अर्थकारणाच्या पानावर आहे, आणि श्रमिकांच्या पक्षाने तरी त्या तेथेच वाचल्या पाहिजेत.

हा खटाटोप कशासाठी चालला आहे, हे समजण्यास यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे मालमोटारीच्या चालकाने सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवावी, असे बंधन आहे. म्हणजे एकच चालक असलेली गाडी दिवसाच्या निम्म्याहून अधिक वेळ उभी राहते. गाडी हे भांडवल, आणि उभ्या भांडवलावरही व्याज चढतच असते. यंत्राला झोप नाही, त्याला कामाच्या तासांचा कायदाही नाही. कामाच्या तासांवरील मर्यादा ही कामगार चळवळीने भांडवलाच्या नाकात घातलेली वेसण होय. १९७४ च्या रेल्वे संपात आठ तासांच्या दिवसाची मागणी किती जिव्हाळ्याची होती, हे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. चालकच काढून टाकला की ही वेसण तोडावी लागत नाही. ती आपोआप गळून पडते.

परंतु हे यंत्र वाटेल त्या रस्त्यावर धावू शकत नाही. त्याला आधीपासून मोजून ठेवलेला, वळणे कमी असलेला, पट्टे स्पष्ट आखलेला रस्ता लागतो. शहरातील गल्ल्या, चौक, माल उतरविण्याचे धक्के त्याला झेपत नाहीत. म्हणून योजना अशी आखली जाते की, शहराबाहेर महामार्गाच्या कडेला मालाच्या अदलाबदलीचे तळ उभारावयाचे. तळापासून तळापर्यंतचा लांब पल्ला यंत्राने कापावयाचा आणि दोन्ही टोकांचे काम माणसाने करावयाचे. यालाच मालवाहतुकीचा कॉरिडॉर म्हणतात. यंत्र खाजगी कंपनीचे, परंतु त्याला लागणारी जमीन, त्याचा रस्ता आणि त्याच्यासाठी बदलावे लागणारे कायदे मात्र शासनाचे. नियोजनाचा प्रश्न उद्भवतो तो येथे.

टेक्सासला या नियोजनाचा पूर्वानुभव आहे आणि तो मोठा उद्बोधक आहे. २००२ साली तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी यांनी ‘ट्रान्स-टेक्सास कॉरिडॉर’ नावाची प्रचंड योजना मांडली. सुमारे ४,००० मैलांचे जाळे, मालमोटारींना वेगळ्या मार्गिका, शेजारी लोहमार्ग, नळवाहिन्या, विजेच्या तारा. आणि या साऱ्यांसाठी जागोजागी १,२०० फुटांपर्यंत रुंद पट्टा. खाजगी कंपन्यांनी बांधावयाचे आणि पुढील कित्येक दशके पथकर गोळा करावयाचा. ज्यांच्या शेतांमधून व कुरणांमधून हा पट्टा जाणार होता ते शेतकरी आणि पशुपालक उठले. हे लोक समाजवादी नव्हते. त्यांतील बहुतेक पेरी यांच्याच पक्षाचे मतदार असावेत. पण सक्तीच्या भूसंपादनाविरुद्ध त्यांनी असे रान उठविले की, २००९ मध्ये शासनाला योजना गुंडाळत असल्याचे जाहीर करावे लागले आणि २०११ मध्ये विधिमंडळाने ती कायद्याच्या पुस्तकातूनही काढून टाकली.

तिचा एक तुकडा मात्र बांधून झाला होता. ऑस्टिन शहराला वळसा घालणाऱ्या राज्य महामार्ग क्रमांक १३० चा ४१ मैलांचा दक्षिण भाग २०१२ साली खुला झाला. ताशी ८५ मैल ही अमेरिकेतील सर्वांत अधिक वेगमर्यादा त्यावर ठेवण्यात आली. कंत्राटदार कंपनीला संघ सरकारने ४३ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. तथापि पथकर चुकविण्यासाठी मालमोटारी शहरातील जुन्या मार्गानेच जात राहिल्या, वाहतुकीचे अंदाज फोल ठरले आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. आता त्याच महामार्गाच्या उत्तरेकडील २१ मैलांच्या भागावर राज्याचे वाहतूक खाते एका खाजगी कंपनीच्या साहाय्याने ‘बुद्धिमान’ माल-कॉरिडॉर उभारावयास निघाले आहे. कडेच्या खांबांवरील कॅमेरे आणि संवेदक येणाऱ्या गाड्यांना पुढच्या रस्त्याची खबर देणार. खांब बदलले, भाषा बदलली. तोटा झाल्यास तो कोणाच्या पदरी पडणार, हा प्रश्न मात्र जुनाच आहे.

या तोट्याचा एक भाग असा आहे की, तो कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी जवानांकडून रात्रंदिवस मालमोटारी फिरवून एक मोठा प्रयोग करण्यात आला. रस्त्याची हानी ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. भार दुप्पट झाला की हानी सोळापट! याचा अर्थ असा की, महामार्ग झिजवितात त्या मुख्यतः अवजड मालमोटारी. लहान मोटारींची झीज जवळजवळ नगण्य. आणि कर? अमेरिकेचा संघीय डिझेल कर १९९३ पासून गॅलनला २४.४ सेंट इतकाच राहिला आहे. महामार्ग निधीला २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार ठिगळ लावावे लागत आहे. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही असा नागरिकही मालवाहू कंपन्यांच्या चाकांखालची खडी भरून देतो. रात्रंदिवस न थांबणाऱ्या गाड्या आल्या की ही झीज वाढणार. शिवाय यंत्र आपली रेषा सोडत नाही. माणसाच्या हातून गाडी थोडी डावी-उजवीकडे सरकते, त्यामुळे भार पसरतो. यंत्राची चाके मात्र त्याच त्या पट्ट्यावरून जातात आणि डांबरात चर पडतात. आपल्या भाषेत चाकोरी हा शब्द बैलगाडीच्या चाकांनीच दिला. आता संगणकाची चाकोरी पाहावयास मिळेल. गाडीला जरा सरकत चालण्याची आज्ञा देता येते, हे खरे. पण तशी सक्ती करावयाची तर रस्त्याच्या मालकाला अधिकार हवा आणि तो वापरण्याची इच्छाही हवी.

टेक्सासने या अधिकाराचे काय केले? २०१७ च्या कायद्याने चालकाविना वाहनांना परवानगी दिली आणि त्याच कायद्याने नगरपालिका व परगण्यांना त्यांचे नियमन करण्यास मनाई केली. ज्या गावातून गाडी जाणार त्या गावाने बोलावयाचे नाही. राज्याकडून आधी अधिकृत मान्यता घेण्याचे बंधन घालण्यासाठी २०२५ उजाडावे लागले. कॅलिफोर्नियात याच्या उलट घडले. अवजड चालकाविना गाडीत प्रशिक्षित माणूस असलाच पाहिजे, असे विधेयक मोटारचालकांच्या ‘टीमस्टर्स’ संघटनेच्या रेट्यामुळे २०२३ मध्ये विधिमंडळात मोठ्या बहुमताने संमत झाले; गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. पुढील वर्षी तशाच विधेयकाची तीच गत झाली.

काम कोणाचे जाणार, याबद्दलही बराच भोंगळपणा आहे. सर्वच चालक घरी बसणार, असे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी स्वतः मालमोटार चालवून या धंद्याचा अभ्यास केला आहे. २०१८ च्या त्यांच्या अहवालात लांब पल्ल्याच्या सुमारे २,९४,००० नोकऱ्या धोक्यात असल्याचा अंदाज आहे. या नोकऱ्यांपैकी काही त्या धंद्यातील बऱ्या वेतनाच्या आहेत. उरणार ते बंदर आणि गोदामांच्या दाराशी चालणारे, कमी वेतनाचे काम. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या चालकाला सामान्यतः मैलावर पैसे मिळतात. धक्क्यावर ताटकळत काढलेल्या तासांचे बहुधा मिळत नाहीत. नव्या व्यवस्थेत पैशाचा मैल यंत्र घेणार आणि बिनपैशाची प्रतीक्षा माणसाच्या वाट्याला येणार. १९८० च्या कायद्याने या धंद्यावरील नियंत्रणे उठविली, तेव्हापासून संघटनेची पकड सैल होत गेली आणि खरे वेतन घसरत गेले. आजचा चालक दुबळा आहे तो यंत्रामुळे नव्हे, तर त्या धोरणामुळे. यंत्र दुबळ्या माणसाच्या दारात आले आहे इतकेच.

जपानमध्येही असाच प्रयोग चालू आहे, पण त्याची पार्श्वभूमी निराळी आहे. तेथे एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा घालण्यात आली, चालकांचा वर्गही वृद्ध होत चालला आहे. मार्च २०२५ पासून शिन-तोमेई द्रुतगती मार्गाच्या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात रात्रीच्या वेळी एक मार्गिका स्वयंचलित मालमोटारींच्या चाचण्यांसाठी राखण्यात आली. येथे आधी माणसाचे तास कमी केले, मग यंत्राकडे वळले. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

भारतापुरते बोलावयाचे तर केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की, चालकाविना मोटारी आपण या देशात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे ७०-८० लाख चालकांचा रोजगार जाईल. हे आश्वासन स्वागतार्ह आहे. पण मंत्र्याचे आश्वासन मंत्र्याबरोबर जाते. आणि ज्या चालकाचा रोजगार राखावयाचा, त्याचे आजचे जिणे कसे आहे, हेही पाहिले पाहिजे. मालमोटारीच्या केबिनमध्ये वातानुकूलनाची सक्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, तीही नव्या गाड्यांपुरती. दिवसाला आठ तासांची मर्यादा घालणारा मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा. तो पाच किंवा अधिक कामगारांच्या उपक्रमांना लागू होता, त्यामुळे एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक त्याबाहेरच राहिला. आता तो कायदा नव्या श्रम संहितेत विलीन झाला आहे, पण चालकाची झोप आहे तेथेच आहे.

दायित्वाचे पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर मालमोटारी थांबल्या आणि ते उपकलम स्थगित ठेवावे लागले. टेक्सासच्या कायद्यात मात्र रहदारीच्या नियमांपुरता स्वयंचालन-यंत्रणेचा मालक हाच चालक समजला जातो. दंड झालाच तर कंपनी भरेल. हाडामांसाच्या चालकाला तुरुंग आणि यंत्राच्या मालकाला खर्चाची एक बाब, हा भेद ज्यांना खटकत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग आपण यंत्राला विरोध करावा काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. मात्र पहिला प्रश्न असा विचारावा लागेल की, ठरावीक मार्ग, ठरावीक तळ आणि एकामागून एक रात्रंदिवस जाणारा माल, असेच चित्र असेल तर त्याचे जुने नाव रेल्वे आहे. दादरीपासून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत आखलेल्या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम मालवाहतूक लोहमार्गावर दुमजली कंटेनर गाड्या चालू शकतात, आणि नेमका बंदराकडचा महाराष्ट्रातील टप्पा सर्वांत अधिक रखडला. तो प्रश्न मार्गी न लावता महामार्गांवर मालासाठी वेगळ्या मार्गिका मागणे म्हणजे एकाच मालासाठी जनतेकडून दोनदा जमीन घेणे होय.

दुसरा मुद्दा यंत्राच्या लाभातील वाट्याचा. १९६० साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली मालकांशी करार केला. यंत्रे येऊ देऊ, पण नोंदणीकृत कामगाराला काढावयाचे नाही आणि दरवर्षी सुमारे ५० लाख डॉलर कामगारांच्या निधीत भरावयाचे. करार गाजला; परंतु पूर्ण नोंदणी नसलेले दुय्यम यादीतील कामगार त्याच्या संरक्षणाबाहेर राहिले. आपल्याकडील मालमोटारचालक जवळजवळ सारेच या बाहेरच्या माणसासारखे आहेत. त्यांची नोंदणी करणारे मंडळच नाही.

महाराष्ट्राला हे मंडळ नव्याने शोधून काढावयाचे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाकडून मजुरीबरोबर अधिभार घेऊन तो हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीत, उपदानात व औषधपाण्यात घालण्याची पद्धत या राज्यात रूढ केली. मालमोटारीत माल चढविणाऱ्याला ते संरक्षण मिळाले, तीच गाडी चालविणाऱ्याला मिळाले नाही. आज फास्टॅगमुळे राष्ट्रीय महामार्गांच्या पथकरनाक्यांवरून जाणाऱ्या मालमोटारींची नोंद आपोआप होते. ॲक्सलच्या भारानुसार ठरविलेला थोडा अधिभार त्याच वेळी कापून चालकांच्या मंडळाकडे वळविणे अवघड नाही; चालकाविना गाडी आलीच, तर तिच्यावर तो अधिक दराने बसवावा. पक्षाच्या वाहतूक आघाडीने या मंडळाचा मसुदा तयार करून तो येत्या अधिवेशनापूर्वी चालकांच्या संघटनांपुढे ठेवावा, अशी आमची सूचना आहे.