पगाराच्या चिठ्ठीतली एक ओळ

वाचकहो, ‘मोबाईल खाली ठेव’ म्हणून आपण मुलांना रोज रागावतो. पण त्याच मोबाईलवर आपल्या घामाचा हिशेबही सापडतो.

आमच्या चाळीतील एक ताई कंत्राटदाराकडे साफसफाईचे काम करतात. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा ‘पी.एफ.’ कापलेला दिसे. परवा त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर यूएएन क्रमांक व पासवर्ड टाकून पासबुक उघडले. गेल्या सात महिन्यांचा भरणाच नाही! ताई एवढेच म्हणाल्या, “मग माझे पैसे गेले कुठे?”

नियम साधा आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता यांवर साधारणपणे १२ टक्के कामगाराचे कापायचे, तेवढेच मालकाने घालायचे. मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. म्हणून दोन रकान्यांतले आकडे सारखे नसतात, त्याने घाबरू नये. महिना संपल्यावर १५ दिवसांत भरणा झाला पाहिजे. कापलेले पैसे न भरणे हा गुन्हा आहे. कंत्राटदाराने टाळले, तर मूळ मालकावर जबाबदारी येते.

मुलीने चिठ्ठ्या जोडून तिथेच तक्रार नोंदवली आहे. निकाल यायचा आहे.

बंधू-भगिनींनो, या रविवारी घरातल्या शिकत्या मुलाला शेजारी बसवा आणि आपले पासबुक उघडा. ओ.टी.पी. कुणा परक्याला सांगू नका. आणि पगाराची चिठ्ठी रद्दीत टाकू नका. वेळेला तोच आपला साक्षीदार. जयभीम!