एका वर्षातील तीन निकाल

अमेरिकेच्या इतिहासात १८९५ हे साल फारसे गाजलेले नाही. त्या साली युद्ध झाले नाही, की अध्यक्षपदाची निवडणूक झाली नाही. परंतु जानेवारी ते मे या पाच महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयाने तीन निकाल दिले, आणि उद्योगयुगात शिरलेल्या त्या प्रजासत्ताकात राज्यसंस्थेचा हात कोणाच्या पाठीवर राहणार व कोणाच्या मानेवर पडणार, हे दीर्घकाळापुरते ठरून गेले. वर्गात आर्थिक इतिहास शिकविताना मी हे तीन निकाल नेहमी एकत्र मांडीत असे. सुटे वाचले तर प्रत्येकाला कायद्याचा काही ना काही आधार सापडतो. शेजारी शेजारी ठेवले म्हणजे त्यांचा वर्ग कळतो.

पहिला निकाल साखरेचा. २ जुलै १८९० रोजी अमेरिकेत मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा झाला होता. पुढे एका साखर कंपनीने फिलाडेल्फियातील कारखाने विकत घेऊन देशातील सुमारे ९८ टक्के साखरशुद्धी आपल्या मुठीत आणली. सरकारने दावा लावला. न्यायालय म्हणाले की, उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे. केंद्राच्या कायद्याची सत्ता आंतरराज्य व्यापारावर आहे, कारखान्यावर नाही. साखर काय कंपनीच्या मालकांनी घरी खाण्यासाठी शुद्ध होत होती, असा प्रश्न आठ न्यायमूर्तींना पडला नाही. एकट्या हार्लन यांनी विरोधी मत नोंदविले.

दुसरा निकाल प्राप्तिकराचा. १८९४ साली काँग्रेसने चार हजार डॉलरांवरील उत्पन्नावर दोन टक्के कर बसविला. बहुसंख्य अमेरिकनांना त्याची झळही लागणार नव्हती. तरीही धनिकांच्या वकिलाने न्यायासनासमोर साम्यवादाचा बागुलबुवा उभा केला, आणि २० मे १८९५ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी हा कर घटनाबाह्य ठरला. तो परत आणण्यासाठी १९१३ साली घटनादुरुस्ती करावी लागली.

त्यानंतर आठवडा उलटतो न उलटतो तोच, २७ मे रोजी तिसरा निकाल आला. तो समजण्यासाठी मात्र थोडे मागे, शिकागोजवळच्या पुलमन नावाच्या गावात जावे लागते.

जॉर्ज पुलमन हा रेल्वेचे शयनयान बांधणारा कारखानदार. १८८० पासून त्याने कामगारांसाठी गाव वसविले. विटांची नीटस घरे, बाग, ग्रंथालय, सारे होते. दारूचे दुकान नव्हते आणि कामगाराच्या मालकीचे एकही घर नव्हते. उदार मालकाचा आदर्श म्हणून लांबलांबचे पाहुणे ते गाव पाहावयास येत. १८९३ ची मंदी आली आणि मजुरी सरासरी चतुर्थांशाने कापली गेली. घरभाडे मात्र जसेच्या तसे राहिले. मजुरी ठरविणारा आणि भाडे वसूल करणारा एकच असला, म्हणजे बाजार नावाची वस्तू कोठे उरते? सरकारी चौकशी समितीने नंतर कंपनीचे आकडे प्रसिद्ध केले, ते मुळातूनच पाहण्यासारखे आहेत. जुलै १८९३ अखेरच्या वर्षात वेतनावर ७२ लाख डॉलर खर्च झाले होते. पुढील वर्षी ते ४४ लाख ७० हजारांवर आले. यात मजुरीकपातीबरोबर कामावरून काढलेल्यांचाही वाटा आहे, हे सांगितले पाहिजे. परंतु त्याच काळात भागधारकांचा लाभांश २५ लाख २० हजारांवरून २८ लाख ८० हजारांवर गेला. मंदी होती ती कारखान्याच्या फाटकाच्या एकाच बाजूला.

११ मे १८९४ रोजी संप झाला. यूजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने लवादाची मागणी केली. लवादास देण्यासारखे काही नाही, असे कंपनीचे उत्तर आले. तेव्हा २६ जूनपासून युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालविण्यास नकार दिला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले आणि शिकागोपासून पश्चिमेकडची वाहतूक थंडावली. टपालाच्या गाड्या आम्ही चालवितो, असे युनियन सांगत होती. रेल्वे कंपन्यांनी टपालाच्या गाड्यांनाच पुलमनचे डबे जोडण्याची युक्ती काढली. आता गाडी अडली की टपाल अडले, आणि टपाल तर केंद्र सरकारचे!

केंद्राचे महान्यायप्रतिनिधी रिचर्ड ओल्नी हे मूळचे रेल्वे कंपन्यांचे वकील. पदावर असतानाही एका रेल्वेकडून त्यांना वार्षिक मानधन मिळत होते. त्यांच्या प्रेरणेने शिकागोच्या केंद्रीय न्यायालयातून मनाई-हुकूम निघाला. युनियनच्या पुढाऱ्यांनी तारेने, पत्राने वा तोंडी, कोणाही कामगारास काम सोडण्याविषयी समजावू नये, असा तो हुकूम. त्याला आधार घेतला होता शर्मन कायद्याचा, आणि तारीख होती २ जुलै १८९४. कायद्याचा चौथा वाढदिवस असा साजरा झाला. त्याआधी चारच दिवस अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी कामगारदिनाच्या राष्ट्रीय सुटीच्या विधेयकावर सही केली होती. हुकमापाठोपाठ त्यांनीच शिकागोत लष्कर पाठविले, तेही इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांचा निषेध धुडकावून. रेल्वे कंपन्यांनी निवडलेले, त्यांनीच शस्त्रे व पगार दिलेले ३,६०० लोक सरकारी बिल्ला लावून रस्त्यावर आले. समितीच्या अहवालात गोळ्यांनी मेलेल्या १२ जणांची नोंद आहे.

न्यायालयाचा अवमान केला म्हणून डेब्ज यांना सहा महिन्यांचा कारावास झाला. खटला ज्यूरीपुढे गेलाच नाही. अवमानाला ज्यूरी लागत नाही, हीच या हत्याराची खुबी. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. शर्मन कायद्याची चर्चा टाळून न्यायमूर्ती ब्रूअर यांनी केंद्राच्या व्यापार व टपाल यांवरील सर्वंकष अधिकाराचा आधार घेतला. साखर कंपनीपुढे आखडलेला तो अधिकार कामगारापुढे देशभर पसरला. हा निकाल एकमताचा होता. साखरेच्या व प्राप्तिकराच्या खटल्यांत विरोधी मत देणारे हार्लनही त्यात सामील होते. मला हेच अधिक बोचते. लाचखाऊ न्यायाधीश ओळखता येतो. सचोटीच्या न्यायाधीशालाही संप म्हणजे दंगल आणि मक्तेदारी म्हणजे व्यवसाय वाटावा, हे त्याच्या वर्गाचे काम असते.

डेब्जच्या युनियनचे एक पापही लपवू नये. गोऱ्या कामगारांपुरतेच सभासदत्व ठेवण्याचा निर्णय तिच्या अधिवेशनाने थोड्या मतांनी घेतला होता. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांचे अंथरूण घालणारे हमाल बहुतेक सारे काळे होते. ते बाहेरच राहिले. त्यांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ साली उभारली आणि १९३७ साली पुलमन कंपनीशी करार केला. डेब्जना जे साधले नाही ते त्यांनी वगळलेल्यांनी साधले.

मनाई-हुकमाचे हत्यार पुढे नित्याचे झाले. १९१४ च्या क्लेटन कायद्याने मानवी श्रम ही विक्रेय वस्तू नव्हे, असे जाहीर केले. १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावून त्या कायद्यातील दात काढून घेतले. खरे संरक्षण १९३२ च्या नॉरिस-लाग्वार्डिया कायद्याने आले.

त्याच १९२१ सालच्या सुमारास असलाच हुकूम आपल्याकडेही निघाला होता. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी बी. पी. वाडिया व मद्रास लेबर युनियनविरुद्ध उच्च न्यायालयातून तो मिळविला. आधार इंग्रजी कायद्याचा होता, जात तीच होती. त्यावर ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. संपाबद्दल युनियनवर दिवाणी दावा व कारस्थानाचा आरोप यांपासून त्याने संरक्षण दिले, अमेरिकेच्या सहा वर्षे आधी. तो कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे. त्याच संहितेने संपापूर्वीची १४ दिवसांची नोटीस सार्वजनिक सेवांपुरती न ठेवता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला. बेकायदा ठरू शकणाऱ्या संपाचे क्षेत्र असे वाढले, की मनाई-हुकूम मागणाऱ्या मालकाच्या वकिलाला पूर्वीपेक्षा कमी बोलावे लागते.