विश्लेषण : रूट केलेल्या फोनचे वाय-फाय अचानक का बंद पडते? ड्रायव्हर दुरुस्तीची वाट कोण अडवत आहे?

कंपनीकडून येणारी अपडेट थांबली की जुना फोन ‘रूट’ करायचा, त्यावर हौशी प्रोग्रॅमरांनी तयार केलेली नवी अँड्रॉइड आवृत्ती चढवायची आणि आणखी दोन-तीन वर्षे काढायची, हा अनेकांचा ठरलेला मार्ग. त्यात हमखास अडचण येते ती ड्रायव्हरची. फोन सुरू होतो, पण वाय-फाय लागत नाही. कॅमेरा उघडला की काळा पडदा दिसतो. कधी फोन कंपनीच्या लोगोवरच अडकून बसतो. गुगलने गेल्या काही वर्षांत कर्नलची रचना बदलल्याने ही दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. मात्र नेमक्या याच काळात ती करू देणारे कुलूप कंपन्या कायमचे बंद करू लागल्या आहेत.

कर्नल मॉड्यूल म्हणजे काय?

अँड्रॉइडच्या तळाशी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स कर्नल असते. व्हॉट्सअ‍ॅपला थेट कॅमेऱ्याशी किंवा मायक्रोफोनशी बोलता येत नाही. ते अँड्रॉइडला सांगते, अँड्रॉइड कर्नलला सांगते आणि कर्नल त्या विशिष्ट चिपच्या ड्रायव्हरला. हा ड्रायव्हर कर्नलमध्येच मुरवलेला असतो किंवा ‘डॉट केओ’ अशी शेपटी असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये असतो. ही वेगळी फाइल म्हणजे मॉड्यूल. फोन सुरू होताना ती कर्नलला जोडली जाते.

येथे दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. बूटलोडर अनलॉक करणे म्हणजे कंपनीची डिजिटल सही नसलेली प्रणालीही फोनने सुरू करावी, अशी मुभा मिळवणे. रूट करणे म्हणजे सुरू झालेल्या प्रणालीत सर्वाधिकार मिळवणे. सर्वसाधारणपणे पहिले झाल्याशिवाय दुसरे होत नाही, आणि सध्याचा सगळा वाद पहिल्याचाच आहे.

मॉड्यूल नेमके अडते कुठे?

मॉड्यूल हे सुट्या भागासारखे कुठेही बसत नाही. प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नलसाठी तयार झाले याचा शिक्का असतो, त्याला व्हरमॅजिक म्हणतात. कर्नलची आवृत्ती वेगळी निघाली की मॉड्यूल नाकारले जाते आणि पडद्यावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असा दिशाभूल करणारा संदेश येतो. नवखा माणूस फाइल खराब झाली असे समजून ती पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतो. खरे कारण कर्नलच्या नोंदवहीत, म्हणजे ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या यादीत, स्पष्ट लिहिलेले असते.

शिक्का जुळला तरी पुढची चाचणी असते. मॉड्यूल कर्नलमधील शेकडो फंक्शन वापरते. त्यांना सिम्बॉल म्हणतात. त्यातील एक जरी कर्नलमध्ये नसेल तर ‘अननोन सिम्बॉल’ असे उत्तर मिळते. सिम्बॉल आहे, पण त्याची अंतर्गत रचना बदलली आहे, अशा वेळी ‘डिसअ‍ॅग्रीज अबाउट व्हर्जन’ असे कर्नल सांगते. काही जण येथे तपासणी बंद करून मॉड्यूल जबरदस्तीने घुसवतात. मग ते चुकीच्या जागी लिहिते आणि फोन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असा संदेश आला तर प्रश्न सहीचा असतो.

सर्वात जास्त डोके खाणारा प्रकार मात्र वेगळाच. मॉड्यूल लागते, ‘एलएसमॉड’च्या यादीत दिसते, एकही त्रुटी नाही आणि तरीही वाय-फाय सुरू होत नाही. अशा वेळी तीन जागा तपासाव्या लागतात. पहिली फर्मवेअरची. क्वालकॉमच्या वाय-फाय ड्रायव्हरचा सोर्स कोड उपलब्ध आहे, पण चिपमध्ये चढणारे फर्मवेअर बंदिस्त असते आणि ते ठरलेल्या फोल्डरमध्ये सापडले नाही तर ड्रायव्हर हात हलवत बसतो. दुसरी जागा एसईलिनक्सची. हा अँड्रॉइडचा अंतर्गत पहारेकरी आहे आणि रूट असले तरी तो परवानगी नाकारू शकतो. तिसरी जागा डिव्हाइस ट्रीची, म्हणजे कोणती चिप कोणत्या तारेला जोडली आहे, हे कर्नलला सांगणाऱ्या नकाशाची.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रस्तुत प्रतिनिधीने आपल्या फोनवर दुसरे कर्नल टाकले तेव्हा वाय-फायबरोबर ध्वनीही गेला. चार रात्री ड्रायव्हर बदलण्यात गेल्या. चूक होती ती फर्मवेअरच्या फोल्डरच्या नावात एका अक्षराची. नोंदवही पहिल्याच रात्री शेवटपर्यंत वाचली असती तर उरलेल्या तीन झोपेत गेल्या असत्या.

गुगलच्या जीकेआयने काय बदलले?

पूर्वी एका फोनचे कर्नल चार हातांतून जात असे. मूळ लिनक्स, त्यावर गुगलचे बदल, त्यावर क्वालकॉम किंवा मीडियाटेक यांचे आणि शेवटी फोन बनवणाऱ्या कंपनीचे. गुगलच्याच तांत्रिक दस्तऐवजानुसार फोनवर चालणाऱ्या कर्नल कोडपैकी ५० टक्क्यांपर्यंतचा भाग मूळ लिनक्समध्ये किंवा गुगलच्या सामायिक कर्नलमध्ये नसणे, ही दुर्मीळ गोष्ट नव्हती. त्यामुळे लिनक्समध्ये एखादी सुरक्षा त्रुटी दुरुस्त झाली तरी ती प्रत्येक कंपनीला आपापल्या कर्नलमध्ये नव्याने बसवावी लागे. बहुतेक वेळा ती बसवलीच जात नसे.

यावर उपाय म्हणून जेनेरिक कर्नल इमेज, म्हणजे जीकेआय आले. अँड्रॉइड १२ सह बाजारात येणाऱ्या आणि ५.१० किंवा त्यापुढील कर्नल असलेल्या फोनना ते बंधनकारक झाले. कर्नलचा गाभा गुगलचा, सर्वांसाठी एकच. चिप कंपनीचे ड्रायव्हर बाहेर, मॉड्यूलच्या रूपात, वेगळ्या विभागात. या दोघांमध्ये केएमआय नावाचा करार असतो. कोणते सिम्बॉल मॉड्यूलने वापरायचे आणि त्यांची रचना बदलायची नाही, हे त्यात ठरलेले असते. त्यामुळे एकाच केएमआयमधील गाभा बदलला तरी जुनी मॉड्यूल चालतात. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. केवळ गाभा बदलून रूट मिळवून देणारा ‘कर्नलएसयू’ हा प्रकल्प त्यामुळेच इतक्या वेगवेगळ्या फोनवर चालू शकला.

तरीही लोक फसतात, कारण आवृत्तीचा आकडा फसवा असतो. अँड्रॉइड १२ साठी ५.१० कर्नल आहे आणि अँड्रॉइड १३ साठीही ५.१० आहे. आकडा तोच, पण करार वेगळे. फोन अँड्रॉइड १३ वर अपडेट झाला तरी त्याचे कर्नल अँड्रॉइड १२ च्या कराराचे असू शकते. ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइडची आवृत्ती पाहून कर्नल निवडले की वाय-फाय गेलेच म्हणून समजा. कर्नलच्या ओळीतील ‘अँड्रॉइड१२-’ किंवा ‘अँड्रॉइड१३-’ हा तुकडा वाचायचा असतो. झेडरॅम, ब्लूटूथ यांसारखी गुगलची स्वतःची काही मॉड्यूल त्या त्या गाभ्याच्या सहीशी बांधलेली असतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

अँड्रॉइड १२ च्या आधी ४.१४ किंवा ४.१९ कर्नलसह आलेल्या फोनना यातले काहीच मिळालेले नाही. ते नंतर नव्या अँड्रॉइडवर गेले तरी जुन्याच कर्नलवर राहिले. घरातल्या ज्येष्ठांच्या हाती दिलेले किंवा शाळकरी मुलांकडे गेलेले बरेचसे फोन या पिढीतले आहेत.

हा प्रश्न फक्त हौशी मंडळींचा आहे का?

नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ने सर्बियातील एका आंदोलक विद्यार्थ्याच्या फोनबाबत अहवाल प्रसिद्ध केला. इस्रायली कंपनी सेलेब्राइटचे तंत्रज्ञान वापरून तो अँड्रॉइड फोन उघडण्यात आला होता. त्यासाठी वापरलेल्या त्रुटी लिनक्स कर्नलच्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये होत्या. त्यातील एक, सीव्हीई-२०२४-५३१०४, यूएसबी व्हिडीओ ड्रायव्हरमधील होती. वेबकॅम जोडण्यासाठी लिहिलेल्या या ड्रायव्हरमध्ये ती २००८ पासून दडून होती. या त्रुटीवरील दुरुस्ती गुगलने फेब्रुवारी २०२५ च्या सुरक्षा अपडेटमध्ये दिली. त्या प्रकरणानंतर सेलेब्राइटने सर्बियातील काही ग्राहकांकडून आपल्या उत्पादनांचा वापर थांबवल्याचे जाहीर केले.

ज्या फोनची अपडेट बंद झाली, त्यात ही त्रुटी आजही तशीच आहे. तो ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकणे किंवा दुरुस्त करून पुन्हा बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण त्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो.

कुलूप कोण आणि का लावत आहे?

सॅमसंगच्या ‘वन यूआय ८’ मध्ये बूटलोडर अनलॉक करण्याचा पर्यायच नाहीसा झाल्याचे जुलै २०२५ मध्ये समोर आले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सॅमसंग फोनमध्ये ही सोय आधीपासून नव्हती, आता इतर देशांतही ती गेली. शाओमीने ‘हायपरओएस’ आल्यापासून अनलॉकच्या अटी टप्प्याटप्प्याने कडक केल्या. हौशी मंडळींचा आधार असलेल्या गुगलनेही मार्च २०२५ च्या अखेरीपासून अँड्रॉइडचा विकास पूर्णपणे अंतर्गत पातळीवर नेला. सोर्स कोड आवृत्ती तयार झाल्यावर प्रसिद्ध होतो, काम सुरू असताना दिसत नाही. १० जून २०२५ रोजी अँड्रॉइड १६ चा कोड आला, तेव्हा पिक्सेल फोनसाठी अँड्रॉइड कसे बांधायचे याच्या फाइल आणि ड्रायव्हर त्यात नव्हते. (यांनाही डिव्हाइस ट्रीच म्हणतात. वर उल्लेख केलेल्या नकाशाशी त्यांचा संबंध नाही.) अँड्रॉइडचा मुक्त स्रोत प्रकल्प बंद होणार नसल्याचे गुगलने स्पष्ट केले. मात्र संदर्भ म्हणून पिक्सेलऐवजी ‘कटलफिश’ हा आभासी फोन वापरावा, असेही सांगितले. आभासी फोनला खरी वाय-फाय चिप नसते, ही यातली गोम.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. अनलॉक केलेल्या फोनमध्ये व्हायरस भरून ते नवे म्हणून विकणारे विक्रेते आहेत. चोरीचा फोन वापरात आणणे सोपे होते. बँका तर रूट केलेल्या फोनवर विश्वास ठेवायलाच तयार नसतात. फोनची प्रणाली मूळ आहे का, हे गुगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ सेवा तपासते. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढील फोनवर ही तपासणी थेट चिपमधील पुराव्यावर होऊ लागली आहे. भाजीवाल्यालाही यूपीआयने पैसे द्यायची सवय झालेल्या देशात पेमेंट अ‍ॅपने नकार दिला की फोन निम्मा निकामी होतो.

पण हा युक्तिवाद अपडेट मिळणाऱ्या फोनपुरता खरा आहे. चार वर्षे एकही सुरक्षा दुरुस्ती न मिळालेला, कुलूपबंद फोन याच तपासणीत बऱ्याचदा उत्तीर्ण होतो. ताज्या कर्नलवर चालणारा अनलॉक केलेला फोन अनुत्तीर्ण होतो. मूळ असणे आणि सुरक्षित असणे, हे येथे एकच मानले जाते.

नियमांचे काय?

युरोपीय महासंघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मोबाइल व इतर उपकरणांसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक कसा असावा, याचा अहवाल समितीने मे २०२५ मध्ये विभागाला दिला. त्यात सुटे भाग, त्यांची किंमत यांच्याबरोबर सॉफ्टवेअर अपडेट हाही निकष आहे. अपडेट संपल्यावर बूटलोडर उघडून मिळावा, ही मागणी मात्र दोन्हीकडच्या तरतुदींत नाही. क्वालकॉम आणि गुगल यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्नॅपड्रॅगन ८ एलिट’पासून आठ वर्षांपर्यंत अपडेटची सोय जाहीर केली. प्रत्यक्षात किती वर्षे द्यायची, हे फोन कंपनी ठरवणार.

तरीही प्रयत्न करायचा असेल तर?

बँकेचे व्यवहार होणारा फोन यासाठी घेऊ नये. अनलॉक करताना फोनमधील सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे फोटो आधी काढून ठेवावेत. मूळ बूट इमेज संगणकावर जपावी. ज्या फोनमध्ये सोय आहे तेथे नवे कर्नल कायमचे न टाकता ‘फास्टबूट’मधून एकदाच सुरू करून पाहता येते. ते बिघडले तर फोन बंद करून सुरू केला की जुने कर्नल परत येते. मॉड्यूलही आधी हाताने लावून पाहावे. सुरुवातीच्या यादीत लगेच घातले आणि ते सदोष निघाले, तर फोन उघडण्याआधीच कोसळत राहतो. कोसळलेल्या फोनची शेवटची नोंद बऱ्याच फोनमध्ये ‘पीस्टोअर’ या फोल्डरमध्ये उरते, ती पाहावी. आणि जुन्या आवृत्तीवर परत जाण्याआधी ‘अँटी-रोलबॅक’ची खात्री करावी. पिक्सेल ६ मालिकेत अँड्रॉइड १३ आल्यावर जुना बूटलोडर स्वीकारणे फोननेच थांबवले आणि १२ वर परतण्याचा रस्ता बंद झाला.