सिस्टर आजी गेल्या, त्यांच्या नोकरीचं काय?

जरीपटक्यातल्या आमच्या शेजारच्या सिस्टर गेल्या. प्रार्थनासभेत पाच-सहाजण बोलले. प्रेमळ आजी होत्या, नातवंडांत जीव गुंतलेला होता, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, असं सगळ्यांनीच सांगितलं. नोकरीबद्दल एकच वाक्य आलं : 'आयुष्यभर रुग्णांची सेवा केली.' चौतीस वर्षांची नोकरी 'सेवा' या दोन अक्षरांत संपली!

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बायकांच्या श्रमांवर शिबिरं घेणारी. तरी त्या दिवशी उठून बोलले नाही. ती चुटपुट म्हणून हे लिहिते आहे.

सिस्टर केरळातून एकोणिसाव्या वर्षी नागपुरात आल्या. मराठी वॉर्डातल्या बाळंतिणींकडून शिकल्या. जरीपटका ही फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेली वस्ती, गाव सुटणं म्हणजे काय हे इथल्या घराघरांत ठाऊक. सिस्टर इथंच रुजल्या. रात्रपाळीत चाळीस खाटांना त्या एकट्या असत. सातवा महिना लागला तरी रात्रपाळी चुकली नाही. पगारवाढ मागितली तेव्हा 'सेवेचा कुणी भाव करतं का?' असं ऐकावं लागलं. म्हणजे सभेत गौरवाचा असलेला शब्द नोकरीत त्यांचं तोंड बंद करायला वापरला गेला होता.

निवृत्तीनंतर नर्स असलेली मुलगी आयर्लंडला गेली आणि दोन नातवंडं चार वर्षं सिस्टरांकडे राहिली. ती माया खरीच होती, पण ते कामही होतं. डबे, शाळा, तापाच्या रात्री, सगळं साठीनंतर आणि बिनपगारी. आजीनं घर धरलं म्हणून मुलीला परदेशी नोकरी धरता आली.

गंमत पाहा. हाच आयर्लंड एकेकाळी आपल्या मुली बाहेर पाठवत होता. १९४८ मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा तिथल्या वॉर्डांत काम करायला आयरिश मुली मोठ्या संख्येनं गेल्या. मायदेशी तर लग्न झालं की बाईनं सरकारी नोकरी सोडायची, असा नियम १९७३ पर्यंत होता. आज त्याच आयर्लंडची रुग्णालयं भारतातून गेलेल्या परिचारिकांच्या आधारावर चालतात. देश बदलले, पण घर सोडणारी बाई आणि मागे मुलं सांभाळणारी बाई तशाच राहिल्या.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट परिचारिकेचं शिक्षण घेऊन उभ्या राहिल्या. वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ सुरू केला. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या करुणेबद्दल आपण भरभरून बोलतो. पण बाळंतपणाचं शास्त्र हातात नसतं, तर नुसत्या करुणेवर प्रसूतिगृह चाललं असतं का?

'सेवा' म्हटलं की दाम विचारायची सोय राहत नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीनं शिफारस केली : २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार, ५० हून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या मुलीला हातात किती मिळतात, हे आपण कधी विचारलं आहे?

मैत्रिणींनो, आपापल्या वस्तीतल्या एका तरी निवृत्त सिस्टरकडे जाऊन बसू या. कुठून आलात, पहिला पगार किती होता, रात्रपाळीला गेल्यावर तुमची मुलं कोण सांभाळायचं, हे विचारून लिहून ठेवू या. त्या हयात असतानाच.

सभेनंतर सिस्टरांच्या नातीनं मला एक वही दाखवली. दोघा भावंडांच्या प्रत्येक आजारपणाची त्यात नोंद होती. तारीख, वेळ, ताप, औषध आणि खाली सही, अगदी वॉर्डातल्यासारखी. आजी आणि नर्स या दोन वेगळ्या बाया नव्हत्याच. आपण मात्र सभेत एकीलाच निरोप दिला.