दोघंही आपलेच असले तर?

परवा रविवारी न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. बोलता बोलता नातीने फोन हिसकावून घेतला. ही आमची २००८ च्या जानेवारीतली नात. राष्ट्राध्यक्षपदासाठी ती पहिल्यांदा मत देईल ते २०२८ मध्ये. तिने सरळ प्रश्न टाकला, "आजी, नोव्हेंबरचं सोपं असतं गं. पण प्रायमरीत सगळे आपल्याच पक्षाचे. मग निवडायचं कसं?"

मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार की." तर म्हणते, "आई म्हणाली आजीला विचार. त्यावरून ती माझ्यावर दोन दिवस रुसली होती!"

खरं आहे, रुसले होते. आता इतक्या वर्षांनी लिहूनच टाकते.

तेव्हा मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि लेकीच्या बाळंतपणासाठी एडिसनला गेले होते. बाहेर कडाक्याची थंडी, घरात डिंकाचे लाडू आणि टीव्हीवर दिवसभर निवडणूक. प्रायमरी म्हणजे काय हे मला तिथेच कळलं. पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे साधे मतदार एकेका राज्यात मत देऊन ठरवतात. आपल्याकडे तिकीट वरून येतं. कुणाला मिळालं ते आयुष्यभर सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला सकाळी पेपरात वाचून कळतं. त्यामुळे मला या प्रकाराचं फार कौतुक वाटलं.

डेमोक्रॅटिक पक्षात सामना होता ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांचा. ३ जानेवारीला आयोवात ओबामा पहिले आले, हिलरी तिसऱ्या. मग न्यू हॅम्पशायरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी एका कॅफेत लोकांशी बोलताना हिलरींचे डोळे भरून आले. टीव्हीवर ते पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि अश्रू खरे की खोटे यावर माणसं तावातावाने भांडत होती. दुसऱ्या दिवशी, ८ जानेवारीला, त्या जिंकल्या. नात तेव्हा चार दिवसांची होती. तिला मांडीवर घेऊन मी टाळ्या वाजवायच्याच बाकी होते.

त्याला कारण होतं. माझ्या नोकरीत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा सेवाज्येष्ठतेने ती माझी होती. "बाईंना झेपेल का?" असं म्हणून ती माझ्यानंतर लागलेल्या एका सरांना दिली. शाळेत मी डोळ्यांतून पाणी काढलं नाही, घरी येऊन न्हाणीघरात रडले. त्यामुळे हिलरींचे अश्रू खरे की खोटे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

न्यू जर्सीचं मतदान ५ फेब्रुवारीला होतं. त्याच दिवशी वीसपेक्षा जास्त राज्यांत मतदान होतं. आदल्या रात्री जेवताना विषय निघाला. लेक-जावई दोघंही एकाच पक्षाचे, पण मतं दोन. लेक म्हणाली, "आई, इराकवर हल्ला करायचा अधिकार बुशना द्यावा की नाही यावर २००२ मध्ये सिनेटमध्ये मतदान झालं, तेव्हा हिलरींनी हो म्हटलं. ओबामांनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता." जावई म्हणाले, "ते तेव्हा सिनेटमध्ये होते कुठे? इलिनॉयच्या विधिमंडळातून बोलणं सोपं असतं." त्यांचा मुद्दा आरोग्यविम्याचा. हिलरी म्हणत होत्या विमा सगळ्यांना सक्तीचा हवा. ओबामांना सक्ती फक्त मुलांसाठी हवी होती. "धडधाकट माणसं आजारी पडेपर्यंत विमा काढणारच नाहीत, मग बाकीच्यांचे हप्ते वाढतील, नाही का आई?" असं जावयांनी मलाच विचारलं.

मी दोघांचंही ऐकलं नाही. लेकीला म्हटलं, "तुला मुलगी झाली, आणि तू बाईला मत देत नाहीस?"

ती काही बोलली नाही. बाळाला घेऊन आत गेली. सव्वा महिना व्हायला आठवडाभर बाकी होता, तरी दुसऱ्या दिवशी डोक्याला स्कार्फ गुंडाळून ओबामांना मत देऊन आली. मी दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

न्यू जर्सीत हिलरी जिंकल्या. पण तिथे जिंकणाऱ्याला सगळं मिळत नाही. १०७ प्रतिनिधींपैकी ५९ त्यांना, ४८ ओबामांना. म्हणजे लेकीचंही मत वाया गेलं नाही. शेवटी उमेदवारी ओबामांना मिळाली. ७ जूनला हिलरींनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. २००९ मध्ये त्या त्यांच्याच परराष्ट्रमंत्री झाल्या. आणि मौज बघा, २०१० मध्ये ओबामांनी आरोग्यविम्याचा कायदा केला, त्यात मोठ्यांनाही विमा सक्तीचा केला! उमेदवार लेकीचा आला, मुद्दा जावयांचा.

म्हणून माझं मत असं झालं आहे. दोघं आपलेच असले की आधी ते नेमके कुठे वेगळे आहेत ते शोधावं. दहापैकी आठ गोष्टी सारख्या असतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. उरलेल्या दोनांपैकी आपल्याला कोणती महत्त्वाची वाटते त्यावर मत द्यावं. 'निवडून कोण येईल' हा अंदाज बांधत बसू नये. २००७ मध्ये बहुतेक चाचण्यांत हिलरी कितीतरी पुढे होत्या. आणि आपल्यासारखं कोण दिसतं, कुणाचं दुःख आपल्या दुःखासारखं आहे, हे शेवटी विचारावं. अजिबात विचारू नये असं मी म्हणणार नाही. बाईने त्या खुर्चीत बसावं ही माझी इच्छा खोटी नव्हती, आजही नाही. पण लेक आणि जावई अमेरिकेचा विचार करत होते, आणि मी माझ्या शाळेतल्या त्या खुर्चीचा हिशेब त्यांच्या मतपत्रिकेवर चुकता करायला निघाले होते.

आणि एक. हरणाऱ्याबद्दल असं काही बोलू नये की नोव्हेंबरात त्याच्याच माणसांसोबत रांगेत उभं राहणं जड जावं. लेक-जावई दोघांनी त्या नोव्हेंबरात ओबामांनाच मत दिलं. त्या रात्री जेवताना टोचून बोलले ती मी एकटीच.

असो. हे सगळं फोनवर सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. नातीला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. लेक वाचून दाखवेल. तेव्हा बाई गं, ते रुसव्याचं वगळू नकोस. तेही वाच.